तार आणि भोंगा

पुण्याहून मुंबईच्या रस्त्याने निघाले आणि मुळा नदी ओलांडली, म्हणजे दापोडीपासून पुढे पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी ही नावे एकामागून एक येऊ लागतात. भोसरीवरून नाशिकचा रस्ता धरला, तर मोशीजवळ इंद्रायणी ओलांडून चाकण गाठता येते. एके काळी ही सारी शेतकऱ्यांची गावे होती. १९५४ साली पिंपरीस ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ हा औषधांचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. पुढे एकामागून एक कारखाने उभे राहिले आणि जेथे ज्वारी-बाजरी डोलत होती, तेथे यंत्रांची घरघर ऐकू येऊ लागली. कांद्याच्या बाजारासाठी नावाजलेल्या चाकणच्या परिसरातही आता मोटारी तयार होतात.

हजारो माणसे एकाच आवारात राबत असता कामात गोंधळ कसा होत नाही? त्याचे कारण असे की, मोठ्या कारखान्यात निरोप पोहोचविण्याच्या दोन रीती असतात. पहिली रीत तारेची. अमुक यंत्र थांबवावयाचे असेल, तर त्याच विभागात टेलिफोन केला जातो. निरोप एकालाच मिळतो, क्षणात मिळतो आणि क्षणात संपतो. दुसरी रीत भोंग्याची. भोंगा वाजला म्हणजे तो साऱ्या आवाराला ऐकू जातो. परंतु ज्यांची पाळी संपली, तेच आपले डबे उचलतात. बाकीचे आपापल्या कामात गर्क राहतात. भोंगा सर्वांसाठी वाजतो. त्याचा अर्थ मात्र ज्याचा त्यालाच कळतो.

मनुष्याचे शरीर हाही एक अजब कारखाना आहे. त्यातही निरोपाच्या नेमक्या याच दोन रीती आहेत. तारेचे काम करते ती मज्जासंस्था, आणि भोंग्याचे काम करतात ती संप्रेरके.

प्रथम तारेची व्यवस्था पाहू. या व्यवस्थेचे मुख्य ठाणे म्हणजे मेंदू. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते. म्हणजे साऱ्या शरीराच्या मानाने ते शेकडा दोन इतकेच भरते. तरी आपण स्वस्थ बसलेले असताना शरीराला लागणाऱ्या शक्तीपैकी सुमारे एक पंचमांश शक्ती हा एकटा मेंदू खर्च करतो. त्यात सुमारे ८६०० कोटी मज्जापेशी असतात. विचार करणे, स्मरण ठेवणे, पाहिलेले ओळखणे ही कामे मोठ्या मेंदूची. मागच्या बाजूला असलेला लहान मेंदू शरीराचा तोल सांभाळतो आणि हालचालींना नेमकेपणा देतो. त्याच्या पुढे, मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी असलेली लंबमज्जा श्वासोच्छ्वास आणि हृदयाचे ठोके यांवर रात्रंदिवस नजर ठेवते. आपण झोपी जातो. हा पहारेकरी मात्र कधीच झोपत नाही.

मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू पाठीच्या कण्यातून खाली उतरतो. मेंदूपासून मज्जातंतूंच्या १२ जोड्या आणि मज्जारज्जूपासून ३१ जोड्या निघतात व त्यांच्या शाखा बोटांच्या टोकांपर्यंत पोहोचतात. काही तंतू बाहेरची वार्ता आत नेतात. त्यांना ज्ञानतंतू म्हणतात. काही तंतू आतली आज्ञा स्नायूंना पोहोचवितात. त्यांना गतितंतू म्हणतात. सर्वांत वेगवान तंतूंतून निरोप एका सेकंदात १०० मीटरांहून अधिक अंतर जातो. सगळेच तंतू इतके चपळ नसतात. ठेच लागली की बोट आपटल्याचे प्रथम कळते आणि कळ मागाहून येते, ती यामुळेच. स्पर्शाची वार्ता वेगवान तंतूने येते, तर ठणक्याची वार्ता संथ तंतूने येते.

भट्टीजवळ काम करणाऱ्या कामगाराचा हात चुकून तापलेल्या लोखंडाला लागला, तर तो विचार करीत बसत नाही. ‘भाजले’ हे त्याला कळण्यापूर्वीच हात मागे आलेला असतो. हे कसे घडते? उष्णतेची वार्ता ज्ञानतंतूने मज्जारज्जूपर्यंत जाते. तेथेच निर्णय होतो आणि हात मागे घेण्याची आज्ञा गतितंतूने दंडाच्या स्नायूंना मिळते. मेंदूला ही हकीकत कळते, पण काम उरकल्यावर. मालकाला विचारण्यात वेळ गेला असता, तर कातडी जळून गेली असती. अशा क्रियेला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. डोळ्यांसमोर काही येताच पापणी मिटते, तीही अशीच क्रिया होय. फरक इतकाच की, तिचा निर्णय मेंदूच्या खालच्या भागात होतो.

याहून निराळी गोष्ट म्हणजे सरावाने येणारे कौशल्य. नवा उमेदवार लेथवर उभा राहतो, तेव्हा प्रत्येक फिरकीकडे त्याला डोळे लावून पाहावे लागते. वर्षभराने तेच काम तो सहज करतो. आपण म्हणतो, ‘त्याचा हात बसला.’ खरे पाहता बदल हातात झालेला नसतो, तो मेंदूत झालेला असतो. एकाच वाटेने निरोप पुन्हा पुन्हा गेले, म्हणजे त्या वाटेवरच्या मज्जापेशींचे परस्परांशी असलेले दुवे बळकट होतात. पायवाट जशी चालण्याने पडते, तशी ही वाट सरावाने पडते. सुंदर अक्षर, पोहणे, पाढे, तबला या साऱ्या विद्या याच वाटेने येतात. आणि वाईट सवयीही याच वाटेने येतात.

मज्जातंतूला आपण तार म्हटले खरे. पण तो तांब्याच्या तारेसारखा अखंड नसतो. एक मज्जापेशी संपते आणि दुसरी सुरू होते, तेथे अतिसूक्ष्म फट असते. मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामध्येही अशीच फट असते. विद्युत्-निरोप या काठाशी आला की तेथून एक रासायनिक द्रव्य सुटते, ते पलीकडच्या काठाला लागते आणि मग स्नायू आकुंचन पावतो. वाटेने धावत आलेला जासूद नदीकाठी येऊन नावेत बसावा, तसा हा प्रकार आहे. ही नाव अडली, तर काय अनर्थ होतो, हे नागाच्या विषावरून कळते.

चाकण, खेड, मावळ या भागांत कारखान्यांच्या कुंपणालगत आजही शेते आहेत आणि शेतांत साप आहेत. नागाच्या विषातील घटक स्नायूच्या काठावर जाऊन बसतात आणि नाव लागण्याची जागाच अडवून ठेवतात. मेंदू आज्ञा देतो, मज्जातंतू ती घेऊन येतो, पण स्नायूला ती मिळत नाही. रोग्याच्या पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, घास गिळवत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. मण्यारीच्या विषानेही असेच होते. तिचे विष अलीकडच्या काठाचाच नाश करते. विशेष हे की, अशा वेळी रोगी पुष्कळदा शुद्धीवर असतो आणि त्याचे हृदय चालू असते. रुग्णालयात वेळीच नेऊन कृत्रिम श्वास आणि सर्पविषावरील लस दिली, तर मरणाच्या दारातून तो परत येऊ शकतो. मांत्रिकाच्या अंगणात गेलेला प्रत्येक घटका मात्र त्याच्या श्वासातून वजा होत असतो.

ही प्रतिविषाची लस तयार करण्याच्या कामात पिंपरीचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेने या कामासाठी पिंपरीस घोडे पाळले. घोड्याला विषाची अगदी अल्प मात्रा टोचावयाची आणि ती हळूहळू वाढवीत न्यावयाची. घोडा दगावत नाही. उलट त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी द्रव्ये तयार होतात. मग त्याचे थोडे रक्त काढून त्यातील ही द्रव्ये शुद्ध करून घेतात. जी शक्ती त्या मुक्या जनावराने आपल्या देहात कमावली, तीच पुढे एखाद्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडते.

धनुर्वातावरची लसही घोड्यांच्या रक्तापासून अशाच रीतीने तयार करीत. धनुर्वात हा नागाच्या विषाच्या अगदी उलट प्रकार आहे. मज्जासंस्थेत ‘चल’ असे सांगणारे निरोप असतात, तसे ‘थांब’ असे सांगणारेही असतात. मातीने भरलेल्या जखमेतून शिरलेल्या धनुर्वाताच्या जंतूंचे विष हे ‘थांब’ सांगणारे निरोपच बंद पाडते. मग स्नायू आवळतच जातात, दातखीळ बसते आणि पाठ धनुष्यासारखी वाकते. आपल्या पूर्वजांनी या रोगाला दिलेले नाव किती यथार्थ आहे! आवर घालणारा नसला, म्हणजे बळही घातक होते, हेच त्यावरून दिसते. या रोगाला आधीच आळा घालणारी लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मुलांना देतात. ती टाळू नये.

आता भोंग्याकडे वळू. शरीरात असा काही भोंगा आहे, याचा स्पष्ट पुरावा १९०२ साली मिळाला. जेवण जठरातून आतड्यात उतरले की स्वादुपिंडातून पाचक रस वाहू लागतो. हा निरोप मज्जातंतूच नेत असणार, असे सर्वांना वाटे. लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी गुंगी दिलेल्या एका कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे सारे मज्जातंतू तोडले आणि त्या भागात आम्ल घातले. तारा तुटलेल्या होत्या. तरीही स्वादुपिंडातून रस वाहू लागला! मग निरोप गेला कसा? त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून आम्लात घोटले, ते गाळून रक्तात टोचले, तोच पुन्हा रस वाहू लागला. निरोप रक्तातून गेला होता. १९०५ साली स्टार्लिंगने अशा द्रव्यांना ‘हार्मोन’ हे नाव दिले. चेतविणारे, असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे. मराठीत त्यांना संप्रेरके म्हणतात.

ज्या ग्रंथी आपला स्राव नळीवाटे न सोडता सरळ रक्तात सोडतात, त्यांना अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात. रक्ताबरोबर संप्रेरक सर्व शरीरात हिंडते. पण ज्या पेशींच्या अंगी ते ओळखण्याची खूण असते, त्याच पेशी त्याचे ऐकतात. घशापाशी फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी आहे. शरीरातील ज्वलन मंद चालावे की जलद, हे तिचे संप्रेरक ठरविते. ते तयार होण्यास आयोडीन लागते. अन्नात आयोडीन नसले, तर ही ग्रंथी सुजून गलगंड होतो. याच कारणासाठी मिठात आयोडीन मिसळतात.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथी आहेत. अंधारात अकस्मात साप दिसला, किंवा डोक्यावरून जाणारा यारीचा साखळदंड करकरला, की मज्जातंतू या ग्रंथींना इशारा देतात आणि त्या ॲड्रिनॅलिन हे संप्रेरक रक्तात सोडतात. तार आणि भोंगा दोन्ही एकदम कामाला लागतात. हृदय वेगाने चालते, यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात सोडते, पोटाचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते, लाळ आटते, अंगावरचे केस ताठ होतात. लढावे किंवा पळावे, यासाठी शरीराची ही सिद्धता असते.

आता आपल्या भाषेकडे पाहा. ‘छातीत धडधडणे’, ‘तोंडाला कोरड पडणे’, ‘पोटात गोळा उठणे’, ‘अंगावर काटा उभा राहणे’ हे वाक्प्रचार ज्यांनी रूढ केले, त्यांनी ॲड्रिनॅलिनचे नाव ऐकले नव्हते. १९०१ साली ताकामिने या जपानी शास्त्रज्ञाने ते शुद्ध रूपात वेगळे केले. पण त्याचे परिणाम मराठी माणसाने आपल्या अंगावर कितीतरी आधी वाचले होते आणि नेमक्या शब्दांत नोंदून ठेवले होते. परीक्षेच्या दिवशी पोटात गोळा उठला, तर तो भित्रेपणा नव्हे. शरीर मदतीस धावले, एवढाच त्याचा अर्थ. शांतपणे चार दीर्घ श्वास घेतले, की तो गोळा विरू लागतो.

स्वादुपिंडात इन्सुलिन नावाचे संप्रेरक तयार होते. रक्तातील साखरेला पेशींची दारे उघडून देण्याचे काम त्याचे. ते नसेल, तर रक्तात साखर साचते आणि पेशी मात्र उपाशी राहतात. भरल्या कोठाराशेजारी उपासमार व्हावी, तशी ही अवस्था. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन मिळविले, आणि १९२२ च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्सन या १४ वर्षांच्या मुलाला ते टोचण्यात आले. मधुमेहाने मृत्यूच्या छायेत गेलेला तो मुलगा सावरला आणि आणखी तेरा वर्षे जगला. पुढे या शोधाचे हक्क विद्यापीठाला नाममात्र एकेका डॉलरला देण्यात आले. जे औषध जगविते, त्यावर धन कमवावयाचे नाही, असा तो बाणा होता.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी लोंबत असते. वजन अर्धा ग्रॅम. पण इतर अनेक ग्रंथींवर तिची सत्ता चालते. हाडे वाढविणारे संप्रेरक तिचेच आणि ते गाढ झोपेत अधिक स्रवते. अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास तिच्या इशाऱ्याने शरीरात नवे बदल होऊ लागतात. मुलांचा आवाज फुटतो, मिसरूड फुटते. मुलींना पाळी येऊ लागते. उंची झपाट्याने वाढते आणि मन कारण नसता कधी हसरे, कधी रडवे होते. कोणात हे आधी घडते, कोणात उशिरा. यात लाजण्यासारखे काही नाही आणि दुसऱ्याला हसण्यासारखे तर मुळीच नाही. मात्र ही पीयूषिकादेखील स्वतंत्र नाही. तिच्या वर असलेला मेंदूचा एक भाग तिला आज्ञा देत असतो. म्हणजे भोंगा वाजविणारा हात अखेर तारेच्याच टोकाशी आहे.

मेंदूच्या याच भागात एक घड्याळही आहे. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून ते आपली वेळ लावून घेते. अंधार पडला की त्याच्या इशाऱ्याने मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीराला रात्र झाल्याचे कळते. पहाटे दुसरी संप्रेरके वाढून शरीर जागे होण्याची तयारी करते. पेशींतील हे घड्याळ कसे चालते, हे शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु कारखान्याला रात्र नसते. पहिली, दुसरी आणि तिसरी अशा पाळ्यांनी तो अहोरात्र चालतो. तिसऱ्या पाळीचा कामगार रात्रभर यंत्रापुढे उभा असतो, तेव्हा आतले घड्याळ त्याला ‘झोप’ म्हणून सांगत असते. सकाळी तो घरी येऊन अंथरुणाला पाठ टेकतो, तेव्हा तेच घड्याळ ‘ऊठ’ म्हणते. बाहेरचा भोंगा आणि आतला भोंगा यांचे असे भांडण जुंपते. दिवसाची झोप तुटक होते. आणि झोप अपुरी राहिली की निरोप मंदावतात, डोळा लागतो, हात चुकतो. फिरत्या यंत्राजवळ एका क्षणाची चूक म्हणजे बोट किंवा प्राण. म्हणून तिसरी पाळी करून आलेल्या माणसाची झोप ही चैन नव्हे. ती त्याची ढाल आहे. खिडकीला जाड पडदा असावा, रेडिओ-टेलिव्हिजनचा आवाज बारीक असावा, मुलांनी खेळ अंगणाच्या पलीकडे न्यावा. या साध्या गोष्टी आहेत. पण वडिलांच्या वा आईच्या सुरक्षिततेत मुलांना उचलता येईल असा तो वाटा आहे.

कारखान्यातील तार तुटली तर कारागीर ती जोडतो. यंत्र झिजले तर नवे आणता येते. मेंदूत आणि मज्जारज्जूत तुटलेला तंतू मात्र सहसा पुन्हा जुळून येत नाही. म्हणूनच निसर्गाने मेंदू कवटीच्या पेटीत आणि मज्जारज्जू मणक्यांच्या माळेत जपून ठेवला आहे. माणसाने कारखान्यात आणि रस्त्यावर डोक्यावर शिरस्त्राण घालावे, ते निसर्गाच्या या काळजीला आपली जोड म्हणून. इतके लाखमोलाचे यंत्र प्रत्येकाला जन्मतःच मिळते. ते राखणे तेवढे आपल्या हाती आहे.

शब्दार्थ
गर्क – मग्न. जासूद – निरोप्या. यारी – जड वस्तू उचलण्याचे यंत्र. यथार्थ – अगदी योग्य. सिद्धता – तयारी. अहोरात्र – दिवसरात्र. शिरस्त्राण – डोक्याचे रक्षण करणारी टोपी.

स्वाध्याय
१. मज्जासंस्थेला ‘तार’ आणि संप्रेरकांना ‘भोंगा’ असे का म्हटले आहे?
२. तापलेल्या लोखंडावरून हात मागे येतो, तेव्हा निरोप कोणत्या वाटेने जातो ते सांगा.
३. नागाचे विष आणि धनुर्वाताचे विष यांच्या परिणामांत कोणता फरक आहे?
४. तारा तोडूनही स्वादुपिंडाला निरोप मिळाला, हे बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कसे सिद्ध केले?
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : हात बसणे, तोंडाला कोरड पडणे, अंगावर काटा उभा राहणे, डोळा लागणे.
६. भीती, आनंद आणि राग यांच्या शारीरिक खुणा सांगणारे आणखी पाच वाक्प्रचार घरच्या वडीलधाऱ्या माणसांना विचारून लिहा.
७. तुमच्या घरी किंवा शेजारी तिसऱ्या पाळीला जाणारे कोणी असल्यास, त्यांना दिवसा शांत झोप मिळावी म्हणून काय करता येईल, यावर आठ-दहा ओळी लिहा.